मागच्या खोलीतलं ताट

४ नोव्हेंबर

ही वही माझी नाही. सतरा नंबरच्या सीटखाली सापडली. तीन महिने ऑफिसच्या कपाटात पडून होती, विचारायला कुणी आलं नाही, मग ज्याला सापडली त्याची. पहिल्या पानावर कुणीतरी "साखर, सुतळी, बाबांचा चष्मा" एवढंच लिहिलंय. ते पान ठेवलं. बाकी सगळी कोरी. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून तिकिटावरचे आकडे सोडले तर मी काही लिहिलेलं नाही. पण आज लिहिणार. तोंडाने बोललो तर नोकरी जाईल, आणि गप्प बसलो तर मी फुटेन.

आमची गाडी सकाळी सहाला निघते, संध्याकाळी त्या टोकाला पोचते. दुसऱ्या दिवशी तशीच परत. साडेबाराला हायवेवरच्या हॉटेलात जेवणाचा थांबा. मी कंडक्टर. ओरडतो, "जेवणाला अर्धा तास!" आणि मागच्या दाराने मागच्या खोलीत जातो. स्टाफचं जेवण तिथे असतं.

आज कोंबडीचा रस्सा होता. वर तेलाची लाल तर्री, आत बटाटा असा शिजलेला की बोट लावलं तर सुटावा. भात मोकळा. कांद्यावर लिंबू पिळलेलं. मी तीनदा घेतला आणि शेवटी ताट पावाने पुसून काढलं. धुवायची गरज नव्हती.

बाहेर आलो तर एक बाई वाटी घेऊन थेट गाडीच्या दारापर्यंत आलेली. जाड चष्मा, दर आठवड्याला असते, कोर्टात टायपिंग करते म्हणे. म्हणाली, "हे माणसांनी खायचं आहे का?"

मी म्हणालो, "बाई, मी आत्ता जेवून आलो. बोटं चाटत आलोय."

तिने माझ्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे."

तुमचं बरोबर आहे म्हणजे काय? बरोबर आहे तर भांडते कशाला? वाटीत काय होतं ते मी बघितलं नाही. भांडणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, वाटीकडे नाही. पण मला एक कळत नाही. एकच हॉटेल, एकच छप्पर, एकच धूर निघतो. मला गोड लागतं ते हिला कडू कसं? आमच्या आईने लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलंय, अन्नाला नावं ठेवायची नाहीत. ह्या शिकलेल्या लोकांना धपाटा घालणारं कुणी नव्हतं, हाच सगळा प्रॉब्लेम आहे.

७ नोव्हेंबर

आज मासळी. तळलेली, कडा कुरकुरीत.

तीन जणांनी ताटं तशीच टाकली म्हणून वाढप्याने मला ऐकवलं. मला का? मी टाकली का?

९ नोव्हेंबर

आईचा फोन. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. कसा आहेस नाही, पगार झाला का नाही. "काय जेवलास?" मी सगळं सांगतो. आई पन्नास मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, त्यामुळे तिला नुसतं "छान होतं" चालत नाही. कांदा बारीक होता का, भात आधी भिजवला होता का, सगळं विचारते. आज अंड्यांचा रस्सा सांगितला. म्हणाली, "एकदा खायला पाहिजे रे तुझ्या त्या हॉटेलमालकाकडचं."

तिला मी पहिल्या दिवसाची गोष्ट अजून सांगितलेली नाही. आठ महिन्यांपूर्वी नोकरीचा पहिला दिवस. दोन दिवस नुसत्या चहावर होतो, कुणाला कळू दिलं नव्हतं. गाडी थांबली तसा मालक स्वतः आला, पांढराशुभ्र शर्ट, माझा हात धरला आणि म्हणाला, "या जावईबापू! लाजता कशाला, आपलंच घर आहे." आत बसवलं. मागची आचारी मावशी काही न विचारता वाढत गेली. डाळ, भात, वर तूप. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, तिखट आहे. डाळीत मिरचीच नव्हती. मावशीने नुसता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

घर सोडल्यापासून न मागता दुसऱ्यांदा वाढणारी ती पहिली बाई. अशा ठिकाणाला कुणी नावं ठेवली तर माझं डोकं फिरतं. फिरणारच.

११ नोव्हेंबर

आमच्या ड्रायव्हरबद्दल लिहायचं राहिलं. सगळे त्यांना काका म्हणतात. अठरा वर्षं ह्याच रस्त्यावर गाडी चालवतात. मला "ठिणगी" म्हणतात. गाडीत बसलो की, "काय ठिणगी, आज कुणावर?" ते मला आवडत नाही.

हा माणूस मागच्या खोलीत येत नाही. घरून डबा आणतो, दोन उकडलेली अंडी आणि पाव. गाडीच्या पायरीवर बसून खातो. मालक स्वतः बोलवायला येतो तरी नाही. किती तो ताठा! आज मी विचारलंच.

"काका, फुकटचं पचत नाही का तुम्हाला?"

"पचतं की. छान पचतं."

"मग?"

"आत जेवून बाहेर आलं की लोकांच्या तोंडाकडे बघवत नाही रे."

आता ह्याला काय म्हणायचं? ढेकर लपवता येत नसेल म्हाताऱ्याला. मी तर सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो.

मावशीला सांगितलं तर तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "आपलं पातेलं लहान आहे, म्हणून चव राहते." मी म्हणालो, "मावशी, एवढा कमीपणा घेऊ नका. तुमच्या हाताला चव आहे." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. खरा कलाकार असाच असतो.

१८ नोव्हेंबर

आज हद्द झाली. हॉटेल सोडून वीस किलोमीटर झाले नाहीत तोच मागच्या बाकावरची एक मुलगी ओकली. मग तिचा बाप. मग नऊ नंबरचे आजोबा. "गाडी लागली हो, वय झालं." काकांनी तीन वेळा गाडी थांबवली. भुसा मीच टाकला, पाणी मीच मारलं, खिडक्या मीच पुसल्या. मी म्हणतो, गाडीत बसायचंय हे माहीत असताना पोट फुटेस्तोवर खायचं कशाला? मी तीनदा घेतो, मला कधी होतं का?

काका सगळा वेळ आरशात मागे बघत होते. डेपोत आल्यावर गाडी लावली आणि तसेच ऑफिसात गेले. थांबा बदला म्हणून लेखी तक्रार दिली. पुढच्या टपरीवर गाडी थांबवा म्हणाले. टपरीवर! जिथे बाकडं सुद्धा तीन पायांचं आहे!

ज्याने त्या हॉटेलचं मीठ जिभेला लावलं नाही, तो हॉटेलला नावं ठेवतो. मी जेवतो, मी कधी तक्रार केली? मग खरं कुणाला माहीत?

२१ नोव्हेंबर

डेपोच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. नोकरीत पहिल्यांदा.

"तू जेवतोस तिथे?"

"रोज, साहेब."

"कसं असतं?"

"घरासारखं."

"मग तेवढंच लिहून दे. तुझ्या हाताने."

त्यांनी दोन शब्द सांगितले, बाकी माझं. "मी ह्या गाडीचा कंडक्टर असून सदर हॉटेलात रोज जेवतो. जेवण ताजे, गरम व घरच्यासारखे असते. आठ महिन्यांत मी एकदाही आजारी पडलो नाही." खाली सही. अर्धा तास लागला. घाम फुटला. पण एक अक्षर खोटं नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागलो. माझी साक्ष कुणी मागितली असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

२३ नोव्हेंबर

काकांना रस्त्यावरून काढलं. हॉटेलची बदनामी केली म्हणून. आता धुलाईच्या आवारात गाड्या पुढे-मागे करायच्या आणि पाइप धरायचा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, तेवढं तिथेच.

मला वाटलं होतं दोन शब्द सुनावतील आणि सोडून देतील. मी काय त्यांना काढा म्हणून लिहिलं होतं का? मी जेवणाबद्दल लिहिलं होतं.

जाताना काका आपली उशी आणि पाण्याची बाटली घ्यायला गाडीत आले.

"काय लिहिलंस?"

"खरं तेच लिहिलं."

"माहीत आहे. खोटं लिहिणारा नाहीस तू. म्हणून तर तुला बोलावलं त्यांनी."

संध्याकाळपासून ह्यावरच डोकं चालवतोय. कौतुक होतं की टोमणा? सरळ बोलायला काय होतं माणसाला? शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या, विषय मिटला असता.

२७ नोव्हेंबर

नवा ड्रायव्हर हसरा आहे. मागच्या खोलीत माझ्याआधी पोचतो. मालक खूश. "जावईबापूंनी इज्जत राखली!" म्हणून आज भाजलेली कोंबडी, अख्खी तंगडी माझ्या ताटात. मी खाल्ली. छानच होती. तरी का कोण जाणे, पायरीकडे दोनदा नजर गेली. सवय, दुसरं काय.

१ डिसेंबर

आई येतेय! वसतिगृहाला तीन आठवडे सुट्टी. ताई तिला त्या टोकापर्यंत आणून सोडणार, तिथून माझ्याच गाडीने. फोनवर म्हणाली, "खोलीबिली नंतर बघू. आधी तुझ्या मालकाकडचं जेवण."

मालकाला सांगितलं. म्हणाला, "विहीणबाई येताहेत? थेट आत घेऊन या. बाहेर गर्दी असते." मावशीला सांगितलं की आईला अंडी आवडतात.

३ डिसेंबर

कसं लिहू? पेनचं टोक कागदात घुसतंय. रागाने. दुसऱ्या कशाने नाही.

आईला चार नंबरची खिडकी दिली. शेजारी नेमकी ती चष्म्याची बाई. मी धसकलो, ही आता आईचे कान भरणार. पण दोघींची दोन तासांत गट्टी जमली. हॉटेल आलं. मालक दारातच उभा, "या विहीणबाई!" आई लाजली, पदर सारखा केला. मग बघितलं तर बाई एकटीच पुढच्या हॉलकडे निघालेली.

आई म्हणाली, "मी हिच्याबरोबर बसते. तिकीट काढून आलेय, तिकिटाच्या माणसांत बसते."

मालक म्हणाला, "अहो, आत बसा, आत पंखा आहे."

"थंडीत कशाला हो पंखा?" आई हसून गेली सुद्धा.

मी म्हणालो, "जाऊ द्या मालक, कुठेही बसली तरी जेवण तेच." मालक माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या पायावर पाय दिला.

मी आत. नवा ड्रायव्हर जेवायला लागला होता. मावशीने विचारलं, "आई कुठे आहे?"

"पुढे बसली, बाईंबरोबर."

मावशीचा डाव हवेतच राहिला. "पुढे? हॉलमध्ये? आण तिला आत."

"असू दे, तिथेही वाढतीलच की."

मावशीने ताट घेतलं. दोन अंडी, रस्सा, भात, कांदा, सगळं भराभरा घातलं. माझ्या हातात दिलं. "हे नेऊन दे तिला."

"अहो, तिला एव्हाना—"

"जा म्हणते ना!"

आठ महिन्यांत मावशी कधी ओरडली नव्हती. नवा ड्रायव्हर तोंडातला घास सांभाळत हसला. "जा रे जा, बघून ये एकदा."

आठ महिन्यांत मी त्या हॉलमध्ये कधी गेलो नव्हतो, हे मला तिथे जाताना कळलं. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. कामच पडलं नव्हतं.

चाळीस माणसं बसली होती आणि कुणी बोलत नव्हतं. फिनेलचा वास. आई भिंतीकडेच्या टेबलावर. तिच्या ताटात भाताचे गोळे होते. गोळा बोटांनी फोडायची, पिवळ्या पाण्यात बुडवायची, तोंडात घालायची आणि वर पाणी प्यायची. अंडं अर्धं केलेलं. आतून काळंनिळं. मी तिच्यासमोर उभा, हातात मावशीचं ताट, त्यातून वाफ येत होती.

आई मला बघून हसली. "छान आहे रे. तू सांगितलं होतंस अगदी तसंच."

सगळ्यांनी आधी माझ्या ताटाकडे बघितलं. मग माझ्या गणवेशाकडे. मग आपल्या ताटाकडे.  चष्म्याच्या बाईने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, म्हटलं होतं मी."

मी आईचं ताट ओढायला गेलो. तिने ताटावर हात धरला. "उष्टं आहे माझं." आणि उरलेलं अंडं खाल्लं. सगळं. ताटात काही टाकायचं नसतं ना!

मावशीचं ताट मी कुठे ठेवलं ते आठवत नाही.

हॉटेल सोडून वीस किलोमीटर झाले आणि आई म्हणाली, जरा थांबवतोस का? नवा ड्रायव्हर म्हणाला, टाइम नाही. मी बेल पाच वेळा मारली. सहावी मारायच्या आत थांबला. आई रस्त्याच्या कडेला ओणवी झाली. चष्म्याच्या बाईने पाठ धरली, मी पाणी धरलं.

चूळ भरून आई म्हणाली, "गाडी लागली बघ मला. वय झालं."

४ डिसेंबर

सुट्टी टाकली. सकाळी आई पेज पीत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो.

"खरं सांग. कसं होतं?"

"अन्नाला नावं ठेवू नयेत."

"आई!"

"ओरडू नकोस. शेजारी माणसं राहतात."

मी उठून फेऱ्या मारायला लागलो. खोली चार पावलांची, फेऱ्या तरी किती मारणार? शेवटी तिने वाटी खाली ठेवली आणि एकेक सांगितलं, वसतिगृहातल्या भाज्या निवडते तसं. भात आदल्या दिवशीचा, उकळत्या पाण्यात सोडून काढलेला. डाळीत दोनदा पाणी घातलेलं, दुसऱ्यांदा मीठ घालायचं विसरले. अंडी सकाळची नव्हेत, परवाची. तेलाला आधीच्या मासळीचा वास.

"एवढं कळत होतं तर खाल्लंस का?"

"तू आठ महिने फोनवर एवढ्या हौसेने सांगत होतास. चार लोकांत तुझं तोंड कसं पाडू?"

म्हणजे बघा! मी मालकाच्या मिठाला जागलो, आई माझ्या बोलण्याला जागली, आणि ओकलं कोण? आई! मला मालकाचा राग आला, साहेबाचा आला, मावशीचा आला, की आठ महिने हिला एक वाक्य बोलता आलं नाही! काकांचा सगळ्यात जास्त. सरळ का नाही सांगितलं? तोंड नि बघवत नाही नि काय काय बोलत बसले.

आई म्हणाली, "झालं? सगळ्यांवर रागावून झालं की एकजण उरतो बघ."

मी तिची वाटी उचलून धुवायला घेतली.

मग ती म्हणाली, "मी तुला अन्नाला नावं ठेवू नको म्हणाले होते. वाढणाऱ्याला ठेवू नको असं कधी म्हणाले? पन्नास पोरींना वाढते मी. उद्या मी तसलं वाढलं तर माझ्या तोंडावर ताट मारावं त्यांनी."

५ डिसेंबर

धुलाईच्या आवारात गेलो. काका गुडघ्यापर्यंत पँट दुमडून पाइप धरून उभे. मला बघून पाणी बंद केलं नाही.

"काय ठिणगी, आज कुणावर?"

"तुमच्यावर! आधी का नाही सांगितलंत?"

"तोंडाकडे बघवत नाही म्हणालो होतो."

"असं सांगतात का? पातेली दोन आहेत म्हणायचं!"

तेव्हा त्यांनी पाणी बंद केलं. "नऊ वर्षं मीही आतच जेवलो रे. सगळं माहीत असताना. तुला तरी माहीत नव्हतं. मी कुठल्या तोंडाने शिकवायचं?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी एवढं जोरात "मग?" म्हणालो की पलीकडचा मेकॅनिक बघायला लागला.  दुसरा पाइप होता, तो धरला. मागची काच धुतली.

६ डिसेंबर

साहेबांकडे गेलो. माझा कागद परत द्या म्हणालो. ह्या वेळी खुर्ची नाही.

"लिहिलेलं परत मिळत नाही."

"मग दुसरं लिहून देतो."

"तेव्हा खोटं लिहिलंस की आता लिहिणार आहेस?"

"दोन्ही खरंच, साहेब. तेव्हा आतलं लिहिलं, आता बाहेरचं लिहितो."

साहेब हसले. मला म्हणाले, तुझ्या एकट्याच्या पोटदुखीवर कंपनी चालत नाही. मग म्हणाले, नोकरी नवीन आहे तुझी, जपून.

जपून! आठ महिने जपूनच होतो. ताट पुसून खात होतो.

घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "एकट्याचं नको तर चाळीस जणांचं दे. वही आण इकडे." तिने पेन्सिल मागितली. आईचं अक्षर मोठं, ओळीबाहेर जाणारं. तिने लिहिलं: "३ डिसेंबर. सीट ४. भात कालचा. अंडं परवाचं. मी स्वयंपाकीण आहे, मला कळतं." खाली सही, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

ज्या बाईने अन्नाला नावं ठेवली म्हणून मला धपाटे घातले, तिने.

१० डिसेंबर

चार दिवस झाले, गाडी हॉटेलला पोचायच्या आधी मी मधल्या वाटेत उभा राहतो. पहिल्या दिवशी दोनदा घसा खाकरला. तिकीट मागायला आवाज लागत नाही, ह्याला लागतो. म्हणालो, "जेवणाला अर्धा तास. आज मी तुमच्यातच जेवणार आहे. आठ महिने आत जेवलो, तिथलं छान असतं. तुमच्या ताटात काय येतं ते परतल्यावर ह्या वहीत लिहा. चांगलं असेल तर चांगलं लिहा. सीट नंबर घाला."

मागून एकजण ओरडला, "आठ महिन्यांनी आठवलं होय रे?"

"हो!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मालकाने पहिल्या दिवशी हॉलमध्ये येऊन खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, रुसलात का?" मी म्हणालो, लग्न मोडलं. तेव्हापासून बोलत नाही. तो भात मी रोज खातो. एकदा मीही ओकलो. नवा ड्रायव्हर हसला, पण पाण्याची बाटली दिली.

वही भरत चाललीय. नऊ नंबरच्या आजोबांनी आधीच्या वेळचंही लिहिलं. एका पोराने ताटाचं चित्र काढलंय, त्यात माशी. एका माणसाने "मला ठीक वाटले" असं लिहिलं. मी फाडलं नाही. त्याचंही खरं असेल.

काल मावशी मागच्या दारात आली. वही मागितली. लिहिता येत नाही म्हणाली, तू लिही. मी लिहिलं, तिने सांगितलं तसं: "पातेली दोन असतात. लहान माझं." मी म्हणालो, मावशी, नोकरी जाईल. ती म्हणाली, "तू रोज तीनदा घ्यायचास, आवडायचं मला. पण घास माझ्याच गळ्यात अडकायचा." अंगठा उठवायला शाई नव्हती, हळदीचं बोट उमटवलं.

१२ डिसेंबर

चष्म्याची बाई म्हणाली, पानं मला द्या, मी टाइप करून मोठ्या ऑफिसला पाठवते. शब्द बदलणार नाही. मी चौदा पानं फाडून दिली. आईचं पान देताना हात आखडला. बाई म्हणाली, "हे पहिलं लावते."

त्यामुळे ही वही आता बारीक झालीय.

१६ डिसेंबर

दोन कागद आले.

पहिला: वीस तारखेपासून थांबा बदलला. गाडी पुढच्या टपरीवर थांबेल.

दुसरा माझा: प्रवाशांशी गैरवर्तन, बेल पाच वेळा वाजवणे, गाडीत अनधिकृत भाषण. धुलाईच्या आवारात बदली.

काकांच्या बदलीबद्दल कुणी काही बोलत नाही. चूक झाली म्हणायला ऑफिसच्या पोटात दुखतं. आम्ही खरे ठरलो म्हणून थांबा बदलला आणि आम्हीच खरे म्हणून आम्हाला बाहेर ठेवलं. हा कुठला न्याय? साहेबाला विचारलं. म्हणाले, दार लाव जाताना.

मावशीला मालकाने काढलं असं ऐकलं. रात्रभर तेच डोक्यात होतं. सकाळी टपरीवाल्याला निरोप पाठवला की चाळीस माणसांना रांधणारी एक बाई मोकळी आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही.

१९ डिसेंबर

डबा आजपासून मी करतो. आई शिकवते, स्वतः हात लावत नाही. आज अंड्यांचा रस्सा. दुपारी काकांना दिला, पायरीवर बसून, धुतलेल्या गाडीच्या. त्यांनी घास घेतला, विचार केला.

"मीठ कमी आहे."

मी भडकलो. "अन्नाला नावं ठेवू नयेत!"

"अन्नाला कुठे ठेवतोय? तुला ठेवतोय."

आणि सगळा रस्सा संपवला. डब्याचं झाकण सुद्धा पुसलं पावाने. उद्या दोन चिमट्या जास्त घालणार आहे, बघतो काय बोलतात ते.

२२ डिसेंबर

आई सकाळी गेली. माझी जुनी गाडी, चार नंबरची खिडकी, पण कंडक्टर दुसरा. आवारातून गाडी बाहेर पडताना मी पाइप खाली टाकून हात केला. काच मीच धुतलेली, त्यामुळे आई स्वच्छ दिसली.

साडेबारा वाजले. पाऊण झाला. मी फोन हातात घेऊनच काम करत होतो, काकांनी दोनदा हटकलं. एकला पाच कमी असताना लावला.

"काय जेवलीस?"

"अरे, मी विचारते ते!"

"आज मी विचारतोय."

"अंडी नि पाव. गरम भात. बाकड्याचा चौथा पाय नवीन बसवलाय बघ. तुझा तो हसरा ड्रायव्हर आणि कंडक्टर आमच्याच बाकावर बसले होते, जागा नव्हती दुसरी. एकाच पातेल्यातून सगळ्यांना. आणि तुझी मावशी आहे तिथे, आजच आली म्हणाली. मला दुसऱ्यांदा वाढायला आली, न मागता."

काका माझ्याजवळ येऊन कान लावून उभे होते. पाणी तसंच वाहत होतं, कुणी बंद केलं नाही.

"म्हणजे छान होतं," मी म्हणालो.

 मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग तिने आवाज चढवला, तिथल्या कुणाला तरी ऐकू जाईल असा.

"जेवण छान. चहा मात्र पांचट होता!"